न्यूटनच्या पुतळ्याचं जुनं चित्र, मागचा टेप कसा काढू?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची ट्रंक सापडली, ते हायस्कूलला फिजिक्स शिकवायचे, त्यात वह्यांच्या खाली हे चित्र होतं. झगा घातलेला माणूस उभा, हातात लोलक, नजर वर, चौथऱ्यावर न्यूटनचं नाव आणि एक लॅटिन ओळ. शोधल्यावर कळलं की हा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या चॅपेलमधला संगमरवरी पुतळा, रुबिलियाकनं १७५५ मध्ये केलेला. ओळीचा अर्थ, ज्यानं बुद्धीनं सगळ्या माणसांना मागं टाकलं. आजोबापण असाच लोलक खिडकीतल्या उन्हात धरून आम्हाला भिंतीवर रंग पाडून दाखवायचे, त्यामुळं हे चित्र मला कसंही करून टिकवायचंय.

भिंगातून बघितलं, छापील फोटोत असतात तसे ठिपके कुठंच नाहीत, नुसत्या रेघा, झग्याच्या चुण्यांत तर एकमेकींवर आडव्यातिडव्या चढलेल्या. चारी बाजूनं छापताना बसलेला पत्र्याचा दाब बोटाला लागतोय, म्हणजे कोरून छापलेलंच आहे ना?

आता घोळ असा झालाय की फ्रेमवाल्याकडं दिलं तर त्यानं मागून सेलोटेप लावला, वर प्लायवर चिकटवतो म्हणाला, मी तसंच परत आणलं. घरी एक टेप ओढला तर कागदाचा पापुद्राच निघाला!! अजून तीन आहेत. तपकिरी डाग पण पडलेत आणि आपल्याकडं पावसाळ्यात भिंतींना ओल असते, काय करू?

उत्तर १
ताई, आधी टेपला हात लावू नका, पाणी, खोडरबर काही नको. दाब लागतोय आणि ठिपके नाहीत म्हणजे धातूच्या पत्र्यावरचंच कोरीवकाम. दोन स्वच्छ टीपकागदांत सपाट ठेवा, ट्रंकेत परत नको. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या कलावस्तू दुरुस्त करणारं केंद्र आहे, तिथं विचारा. फ्रेम करताना आम्लरहित पुठ्ठा, वरच्या कडेला जपानी कागदाच्या (पातळ पण चिवट असतो) दोन पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं चिकटवायच्या, बाकी चित्र मोकळं. काच कागदाला टेकू देऊ नका, आणि बाहेरच्या भिंतीवर लावू नका, ओल तिथंच येते.

धागाकर्ती
लई आभार दादा. टीपकागद आणलेत, आत्ताच ठेवलं. मागच्या बाजूचे फोटो उद्या उजेडात काढून टाकते, पापुद्रा निघालाय तो जपून पाकिटात घातलाय, तो परत बसवता येईल का तेवढं सांगा.