मनिका बत्रा ‘जाहिरातीतली खेळाडू’? मग ऐकाच

हुतात्माने_प्रवास: परवा एका गृहस्थांनी लिहिलं, ‘टेबल टेनिसवाली मनिका बत्रा ही जाहिरातीतली खेळाडू. बॅटला पिंपलचं, म्हणजे बारीक दाण्यांचं, रबर लावून कॉमनवेल्थ जिंकली, ऑलिम्पिकला गेली की रिकामी परत. सोलापूरच्या पालकांनी पोरींना असल्या नादी लावू नये.’ वर चाळीस लोकांचे अंगठे. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

२०१८ ला गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थला तिने एकाच स्पर्धेत चार पदकं घेतली. एकेरी आणि सांघिक सुवर्ण, दुहेरीत रौप्य, मिश्रमध्ये कांस्य. सिंगापूरच्या फेंग तियानवेईला सांघिक फायनलमध्ये हरवलं, मग एकेरीच्या सेमीफायनलला पुन्हा. ही फेंग म्हणजे लंडन ऑलिम्पिकची कांस्यविजेती. एकदा हरवलं तर नशीब म्हणा हो, दोनदा? २०२२ ला आशिया कपमध्ये कांस्य, भारतीय बाईला पहिलंच. २०२४ ला जेद्दाहमध्ये चीनच्या वांग मन्यूला हरवलं, तेव्हा वांग जगात दुसऱ्या नंबरवर होती. हे सगळं जाहिरातवाल्यांनी खेळून दिलं का?

माझी मुलगी दहावीपर्यंत खेळली. लग्नसराई आली की हॉलमधली टेबलं घडी होऊन जिन्याखाली जायची, आणि स्पर्धेसाठी पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणे. त्यामुळे ‘नादी लावू नये’ हे कुणी घरात बसून सांगितलं की डोकं फिरतं.

जुळे_सोलापूरकर: ते गृहस्थ मीच. ताई, चिडू नका. कॉमनवेल्थमध्ये चीन नाही, जपान नाही, कोरिया नाही. आणि पिंपलचं काय? समोरच्याला बॉल कळतच नाही. आमच्या क्लबात एक जण असलं रबर लावून यायचा, त्याच्याशी कुणी खेळायचं नाही. उगाच नव्हे.

टॉपस्पिन_अण्णा: क्लबातल्यांना खेळता येत नव्हतं म्हणून खेळायचे नाहीत, सरळ सांगा की. लाँग पिंपल, म्हणजे लांब दाण्यांचं रबर, स्वतःची फिरकी फार देत नाही, समोरच्याचीच परत करतं. तुम्ही टॉपस्पिन (पुढं फिरणारा बॉल) मारला तर बॉल कटसारखा, उलटा फिरत येतो आणि तुम्ही नेटमध्ये घालता. यात चोरी कुठाय? दोन्ही बाजूंना वेगळे रंग लागतात, मॅचआधी बॅट हातात घेऊन बघता येते. मनिका रॅलीत बॅट फिरवून बाजू बदलते, ते करून बघा एकदा. मनगट आठवडाभर बोलेल. आणि खुशाल पिंपल लावून वांग मन्यूला हरवून दाखवा, मी हुरड्याचा खर्च करतो.

सातरस्ता: मला वेगळंच खुपतंय. पोरगी दिल्लीची, सरावाला गेली पुण्यात, कोच सन्मय परांजपेंकडं. दिल्लीवाल्याला बी पुणंच! कोच पुण्याला, कंपन्या पुण्याला, आमची इंजिनिअर पोरं पुण्याला. उजनी धरण आमच्या उशाला आणि नळाला रोज पाणी नाही. उजनीचं पाच टीएमसी पाणी इंदापूरला द्यायचं २०२१ ला ठरवलं होतं, विसरलाव का?

टॉपस्पिन_अण्णा: मालक, उजनी बाहेर ठेवा. इथं टेबल टेनिस चाललंय.

निवृत्त_पीटी_मास्तर: परांजपेंचं नाव निघालंच आहे तर बोलतो. टोकियो ऑलिम्पिकला त्यांना कोर्टशेजारी बसू दिलं नाही, तर मनिकाबाईंनी राष्ट्रीय प्रशिक्षकांनाही नको म्हटलं. खुर्ची रिकामी. देशाचा टी-शर्ट घालून हा रुसवा? मी बत्तीस वर्षं शिट्टी वाजवली, असला खेळाडू संघात घेतला नसता.

हुतात्माने_प्रवास: सर, अर्धी गोष्ट सांगू नका. त्याच प्रशिक्षकांनी मार्च २०२१ मध्ये दोह्याच्या ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेत आपल्याला मॅच सोडायला सांगितली, असा तिचा आरोप होता. त्यांनी तो नाकारला, तेही लिहिते. पण प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं आणि फेब्रुवारी २०२२ ला कोर्टाने टेबल टेनिस महासंघाचा कारभार काढून प्रशासक नेमले. ज्याच्यावर असा आरोप केलाय त्याच्याकडून टाइमआउटला सल्ला घ्यायचा? तुम्ही घेतला असता?

निवृत्त_पीटी_मास्तर: तक्रार मॅचनंतर करावी. त्या खुर्चीशिवाय पोल्कानोव्हाकडून ०-४ हरली की नाही?

टॉपस्पिन_अण्णा: त्याच रिकाम्या खुर्चीसमोर आदल्या फेरीत पेसोत्स्काविरुद्ध दोन गेम मागे पडून ४-३ जिंकली. ते सोयीनं विसरता.

निवृत्त_पीटी_मास्तर: विसरलो नाही. तुम्ही आवाज चढवून लिहू नका.

सातरस्ता: महासंघ, जिल्हा संघटना, सगळीकडं तेच. माझ्या भाच्याची निवड चाचणी झाली, यादी आदल्या रात्रीच तयार होती. शिट्टीवाले मास्तर तिथंबी होतेच की.

निवृत्त_पीटी_मास्तर: कोणते मास्तर? नाव घ्या नाहीतर शब्द मागे घ्या. उगीच शिंतोडे नकोत.

सातरस्ता: तुमाला म्हणलो नाही. लागलं असेल तर बघा बाबा.

बाळीवेस_वहिनी: भांडण झालं असेल तर मुद्द्यावर येते. मनिकाच्याच संघातल्या अर्चना कामतने पॅरिसला जर्मनीविरुद्ध एकमेव मॅच जिंकून दिली, संघ ऑलिम्पिकच्या क्वार्टरफायनलला गेला होता. त्यानंतर चोविसाव्या वर्षी तिने शिकायला अमेरिका गाठली. इतकं चांगलं खेळणाऱ्या पोरीला पुढचं दिसत नसेल, तर आमच्या वस्तीतल्या, आई विड्या वळते अशा पोरीने रबरांचा खर्च कुठून करायचा? चांगलं रबर काही हजारांचं, सरावात काही महिन्यांत गुळगुळीत. मनिकाचं कौतुक मलाही आहे. ते घरभाडं भरत नाही.

हुतात्माने_प्रवास: वहिनी, हे तुम्ही म्हणालात ते पटतं. रबरांपायीच आमच्याकडेही थांबलं. पण थांबावं लागणं वेगळं आणि ‘नादी लागू नका’ म्हणणं वेगळं.

जुळे_सोलापूरकर: बरं बाई, मनिका पॅरिसला एकेरीत शेवटच्या सोळांत गेली, त्याआधी आपल्यातलं कुणी गेलं नव्हतं. घ्या, मान्य. अंगठे काढायची सोय नाही, नाहीतर तेही परत केले असते. पिंपलचं मात्र मी मागे घेत नाही.

टॉपस्पिन_अण्णा: नका घेऊ. रविवारी हॉलवर या, बॅट मी आणतो. हॉलमध्ये लग्न नसलं तर.