मदत हवी आहे: सुमियोशीच्या घरातला चौक परंपरेतला म्हणायचा का?

नमस्कार मंडळी. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, प्रबंध आधुनिक जपानी घरांवर आहे आणि एकाच घरापाशी अडकलेय.

ओसाकातलं, वास्तुकार तादाओ आंदो यांचं सुमियोशीचं घर, १९७६ चं. लाकडी घरांच्या जुन्या रांगेतलं एक घर काढून तिथे काँक्रीटची पेटी बसवली. रस्त्याकडे एकही खिडकी नाही. लांबीचे तीन भाग, मधला भाग आभाळाला उघडा. वरच्या झोपायच्या खोलीतून संडासला जायचं तर पावसात छत्री घेऊनच! हे धाडस मला फार आवडतं.

क्योतोच्या माचिया, म्हणजे शहरातली जुनी लाकडी घरं, तीही अशीच अरुंद आणि खोल. आत उजेड-वाऱ्यासाठी छोटी बाग, त्सुबोनिवा. पण तिथे बागेच्या कडेने छपराखालून जाता येतं. मग आंदोंचा चौक हा वारसा, की वारशाशी घातलेला वाद? वास्तुकार काझुओ शिनोहारांच्या १९६६ च्या 'पांढऱ्या घरा'तला सुगी (जपानी सीडर) लाकडाचा खांब मला परंपरेशी जास्त थेट धागा वाटतो.

माचियात कुणी राहिलंय का? पावसाळ्यात आतला वावर कसा असतो, ते सविस्तर सांगाल? मापांसह नकाशे कुठे मिळतील हेही कळवा. पुढच्या आठवड्यात मार्गदर्शकांना पहिला मसुदा द्यायचा आहे.