हेल्पर लावून सोडवलेलं बॅटलशिप्सचं कोडं 'सुटलं' म्हणायचं का?

खोडरबर:
"हेल्पर लावून बॅटलशिप्स सोडवणं म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास गिळणं." काल हे वाचलं आणि रात्रभर डोक्यात घोळत राहिलं, म्हणून आता सविस्तर.

कोडं असं: 10 बाय 10 घरांच्या जाळ्यात जहाजांचा ताफा लपलेला, कुठल्या रांगेत जहाजांची किती घरं ते कडेच्या आकड्यात, जहाजं एकमेकांना कोपऱ्यालाही चिकटत नाहीत, बाकी सगळं पाणी. हेल्पर म्हणजे स्क्रीनवर सोडवताना आपोआप मिळणारी मदत. तो करतो काय? रांगेचा आकडा भरला की उरलेल्या घरांत पाणी भरतो. तुकडा ठेवला की त्याच्या चारही कोपऱ्यांत पाणी भरतो. ताफ्यातलं काय उरलं ते बाजूला दाखवतो. बस्स. यात डोकं कुठे आलं? ही हमाली आहे. 100 घरांत जहाजांची 20, उरलेल्या 80 घरांत पाण्याची टिंबं देत बसायचं! डोकं लागतं ते पुढे. 4 घरांचं जहाज मावेल अशी सलग जागा आता कुठे उरली? एखाद्या जहाजाचा मधला तुकडा दिलाय आणि त्या आडव्या रांगेचा आकडा 2, म्हणजे जहाज उभंच, कारण आडवं असतं तर निदान 3 घरं लागली असती. हे हेल्पर सांगत नाही. ते मलाच शोधावं लागतं.

चौथी_पाणबुडी:
घासवाली मीच, आणि शब्द मागे घेत नाही. तुम्ही जिला हमाली म्हणता तिच्यातच नजर तयार होते. माझा भाचा हेल्परवर 'अतिकठीण' पातळीची कोडी धडाधड सोडवायचा. त्याला कागदावर एक सोपंसं दिलं, तर पठ्ठ्याने दोन क्रूझर (3 घरांची जहाजं) कोपऱ्याला कोपरा लावून उभ्या केल्या. वर मलाच विचारतो, "मावशी, हे लाल का नाही झालं?"

खोडरबर:
भाच्याचं खापर हेल्परवर? हेल्पर चूक लाल करून दाखवतो त्याबद्दल मी एक अक्षर तरी लिहिलंय का? परत वाचा.

टोकाचा_तुकडा:
खरं भांडण लालचंच आहे. त्यातही दोन लाल. रांगेत जहाजांची 3 घरं हवीत आणि तुम्ही 4 भरली म्हणून लाल झालं, तर ते मोजणं झालं, चालेल. पण काही हेल्पर थेट उत्तराशी ताडून लाल करतात. मग काय, घरात जहाज ठेवा, लाल झालं की पाणी, नाही झालं की जहाज. माकडही सोडवेल. मीही वर्षभर हेच करत होतो आणि स्वतःला पट्टीचा समजत होतो.

शून्य_रांग:
आधी नाव तरी नीट घ्या हो! बॅटलशिप म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून "बी पाच!" ओरडत खेळायचा अंदाजाचा खेळ. हे एकट्याने सोडवायचं कोडं 1982 मध्ये अर्जेंटिनात हाइमे पोनियाचिक यांनी काढलं. त्याचं दुसरं नाव बिमारू; बिमारू म्हणा, काहीही म्हणा, पण दोन्हींची खिचडी करू नका. या खिचडीमुळेच लोकांना वाटतं की कोड्यातही अंदाज चालतो.

गृहीत_नको:
लालपेक्षा मोठी लबाडी कागदावरचे शहाणे करतात, त्यावर कुणी बोलत नाही. "उत्तर एकच असणार" हे धरून सोडवणारे! तिसऱ्या आणि सातव्या आडव्या रांगेत एकेक घर हवंय, दुसऱ्या आणि नवव्या उभ्या रांगेतही एकेक. चारही छेद मोकळे, ताफ्यात दोन पाणबुड्या (1 घराची जहाजं) उरल्यात. मग त्या या कर्णावर बसतील नाहीतर त्या. हे बघून शहाणे म्हणतात, "दोन उत्तरं निघतात, म्हणजे अशी वेळ येणारच नाही," आणि आधीचं एखादं घर त्या जोरावर भरून टाकतात. हा तर्क नव्हे. ही कोडं रचणाऱ्याच्या खिशात घातलेली नजर आहे.

टोकाचा_तुकडा:
असहमत. एकच उत्तर असणं हा कोड्याचा करारच आहे. करार वापरला तर लबाडी कसली?

गृहीत_नको:
करार कुठे छापलाय? नियम इतकेच: 4 चं एक, 3 ची दोन, 2 ची तीन, 1 ची चार, कडेचे आकडे, आणि कुणी कुणाला चिकटायचं नाही. मी कोडी रचायचो तेव्हा माझ्याच हातून असा चौकोन राहून गेला. एकाने दोन्ही उत्तरं पाठवली आणि मला यथेच्छ झापलं. दुसरा तुमच्यासारखा करारवाला. त्याने चौकोन टाळायला भलतंच घर भरलं आणि दोन तास स्वतःचंच खोडत बसला.

टोकाचा_तुकडा:
म्हणजे चूक तुमची, दोन तास त्याचे, आणि लबाड मी? वा! आणि एवढी शुद्धता कशाला? हे कोडं एनपी-कंप्लीट, म्हणजे झटपट सोडवायची हमखास रीत माहीत नसलेल्यांपैकी आहे, हे 2004 मध्येच सिद्ध झालंय. कधीतरी घर धरून बघावंच लागतं.

गृहीत_नको:
ते जाळं कितीही मोठं होऊ शकतं असं मानून. दहा बाय दहाला तो सिद्धांत लावणं म्हणजे मुंगीवर तोफ. आणि घर धरून विसंगती काढणं हाही तर्कच, फक्त ती विसंगती स्वतः काढायची. लालने नव्हे.

चौथी_पाणबुडी:
इथे हेल्परबद्दल चाललं होतं, आठवतंय का कुणाला?

खोडरबर:
आठवतंय. तुमचं तोंड बंद करायला म्हणून काल हेल्परचं पाणी बंद ठेवून एक सोडवलं. सुटलं. वेळ दुप्पट लागला, हेही सांगतो.

चौथी_पाणबुडी:
आणि कोपरे?

खोडरबर:
दोनदा.

चौथी_पाणबुडी:
भाच्याला कळवते, तू एकटा नाहीस म्हणून. बाकी ज्यांना बारीक घरं दिसत नाहीत त्यांनी पाणी भरून घ्यावं, माझी उदार परवानगी आहे. लाल मात्र बंद.

शून्य_रांग:
बिमारू म्हणा.