कॉमन कोड: एकच पॅकेज की सरळ कॉपी?

शिरोलीकर: फाउंड्रीचं बिलिंग, दूध संस्थेचा फॅट-एसएनएफचा हिशेब, पतसंस्थेचं व्याज, गुळाच्या अडतीची पट्टी. कोल्हापुरातल्या चारजणांच्या टीमकडं एवढी सॉफ्टवेअरं असतातच. आणि प्रत्येकात तीच फंक्शनं: रक्कम अक्षरी, लाख-कोटीचे स्वल्पविराम, जीएसटी नंबरची तपासणी. माझं मत, वेगळी गिट रेपो (कोड आणि त्यातल्या बदलांची साठवण), एकच पॅकेज, खासगी रजिस्ट्री (पॅकेजं ठेवायचं कोठार). जीएसटी नंबर १५ अक्षरांचा: पहिले २ राज्याचा कोड (आपला २७), पुढचे १० पॅन, शेवटचं अक्षर पडताळणीचं. हे शेवटचं नुसत्या रेजेक्सनं (अक्षरांचा साचा जुळवून) तपासता येत नाही, गणित करावं लागतं. कॉपी करत गेलं की कुठंतरी तेवढंच राहून जातं.

गुळाची ढेप: भावा, जीएसटी नंबरचं मान्य. पण राउंडिंगचं काय? एका ग्राहकाला प्रत्येक ओळीवर हवं, दुसऱ्याला फक्त बेरजेवर. मग फंक्शनला एक फ्लॅग (हो-नाहीचा पर्याय), महिन्याभरात दुसरा, आणि ‘युटिल्स’ची अडगळीची खोली होते. २०१६ ला लेफ्टपॅड हे ११ ओळींचं पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सार्वजनिक रजिस्ट्रीवरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करायचं काम) कोसळले. वीस ओळींसाठी कशाला एवढा घाट? कॉपी करा. तिसऱ्या प्रोजेक्टला लागलं तरच बाहेर काढा.

शिरोलीकर: लेफ्टपॅड सार्वजनिक रजिस्ट्रीवर होतं. आपली रजिस्ट्री आपल्याच हातात, वर लॉक फाइल (कुठली आवृत्ती वापरायची ते पक्कं करणारी). खरी चूक आवृत्तीच्या आकड्यात (उदा. १.४.२) होते. फंक्शनचं नाव, पॅरामीटर तेच, पण राउंडिंग बदललं, तर लोक शेवटचा आकडा वाढवून मोकळे. बिल्ड पास होतो, खतावणी पैशानं चुकते. उत्तर बदललं की पहिलाच आकडा वाढवायचा.

रंकाळा_संध्याकाळ: कृपा करून सबमॉड्यूल (एका रेपोत दुसरी रेपो जोडणं) कुणी सुचवू नका. साधं क्लोन केलं (रेपो उतरवून घेतली) की फोल्डर रिकामं, आणि आत डिटॅच्ड हेड (कुठल्याच ब्रँचवर नसणं). आतलं कमिट (नोंदवलेला बदल) पुश न करता, म्हणजे सर्व्हरवर न पाठवता, बाहेरचं पुश केलं की बाकीच्यांचा बिल्ड बोंबलला. चारजणांना मोनोरेपो (सगळे प्रोजेक्ट एकाच रेपोत) पुरे. ज्या फोल्डरात बदल, तेवढाच बिल्ड.

गुळाची ढेप: मोनोरेपोत एका ग्राहकाला सोर्स द्यायची वेळ आली तर बाकी तिघांचाही देणार काय?

पंचगंगाकाठ: आधी आत काय जाणार ते ठरवा, जागा नंतर. डेटाबेस, कॉन्फिग, आजची तारीख यातलं काहीच फंक्शनानं स्वतः उचलायचं नाही, तारीख बाहेरून द्यायची. कराचा दर तर कोडमध्ये नकोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंवरून गेले, पण जुन्या बिलाची क्रेडिट नोट जुन्याच दरानं निघते. म्हणून दराचा तक्ता लागू तारखेसकट. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा. जावास्क्रिप्टचं टूफिक्स्ड हे राउंडिंगचं फंक्शन १.००५ ला १.०१ ऐवजी १.०० करतं. आणि कॉपीच करायची असेल तर कोड कॉपी करा, चाचणीची सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) मात्र एकच ठेवा: इनपुट, अपेक्षित उत्तर. चारही प्रोजेक्टचा बिल्ड तीच फाइल चालवेल.

गुळाची ढेप: सीएसव्हीचं चालेल. पण ती फाइल तरी कुठल्या रेपोत ठेवायची?