मदत हवी आहे : एकाच घरात घडणारे थरारपट सुचवा
राजेहो, पुतण्या आणि त्याचे मित्र आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात शॉर्टफिल्म करताहेत. घरात बाई एकटी, बाहेर कोणीतरी. बजेट म्हणजे पोह्या-चहाचा खर्च! त्यांना 'कौन' (१९९९) दाखवला. एक घर, तीन पात्रं, गाणं एकही नाही, तरी घाम फुटतो. भूत परवडलं, पण आपल्याच दाराची कडी वाजली की जीव घाबरतो. 'हश'मध्ये (२०१६) नायिकेला ऐकूच येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात कूलरच्या घरघरीत कोणालाच ऐकू येत नाही, तेच वापरावं म्हणतो. पण कूलर चालू ठेवून संवाद रेकॉर्ड कसे करायचे? आणि असे कमी खर्चातले आणखी सिनेमे सांगा, शक्यतो मराठी. रक्तपात कमी असलेले, आईही सोबत बघते.