मदत हवी आहे: बेकरीवरची विद्यार्थी डॉक्युमेंटरी रेसिपी व्हिडिओसारखी दिसतेय

अर्धी टाइमलाइन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून १० मिनिटांची डॉक्युमेंटरी करायची आहे, विषय अन्न. आम्ही रात्रपाळीत चालणारी एक छोटी बेकरी निवडली. हाताशी आहे ते असं: मालकांची ४० मिनिटांची मुलाखत (एकच कॅमेरा, एकच फ्रेम), एका कारागिराची छोटी मुलाखत, आणि पीठ, पाव, भट्टी, वाफ यांचे भरपूर क्लोज-अप. त्यातले निम्मे स्लो मोशनमध्ये. रफ कटवर (कच्च्या जोडणीवर) मार्गदर्शकांचा शेरा आला की दिसायला छान आहे, पण हा रेसिपी व्हिडिओ झालाय, डॉक्युमेंटरीचे संकेत वापरा.

संकेत वापरा म्हणजे नक्की काय करायचं? निवेदन टाकलं की भागेल का? मुलाखत सलग ठेवली तर रटाळ होते, कापली तर चेहरा टुणकन उडी मारतो, त्याचं काय? बेकरीतल्या आवाजात मिक्सर आणि भट्टीच्या ब्लोअरखाली सगळं बुडलंय. शूटिंगसाठी अजून एक रात्र मिळणार आहे, तेव्हा काय टिपावं?

सामान: मिररलेस कॅमेरा, किट लेन्स आणि ५० मिमी, एक कॉलर माइक, एक शॉटगन माइक (समोरच्या दिशेचाच आवाज टिपणारा लांबट). शूट ४के, फायनल १०८०पी.

रीळकाम

निवेदनाने भागणार नाही. आहे त्या फुटेजवर निवेदन लावलंत तर निवेदन असलेला रेसिपी व्हिडिओ तयार होईल.

रेसिपी व्हिडिओ कशामुळे ओळखू येतो ते आधी पाहा. वरून सरळ खाली बघणारा कॅमेरा, चेहरा नसलेले हात, तालावर पडणारे कट, मूळ आवाज काढून चढवलेलं संगीत. आणि त्यात कधीच काही बिघडत नाही. यातली प्रत्येक गोष्ट पदार्थाला माणसापासून आणि वेळेपासून तोडते. डॉक्युमेंटरीचे संकेत याच्या उलट काम करतात. हे कोणी केलं, कुठे केलं, किती वाजता केलं आणि हे आपल्याला कसं कळलं, याचा पुरावा ते देत राहतात. मुलाखत, खालची नावपट्टी, हातातला कॅमेरा, जुना फोटो, भिंतीवरचं घड्याळ, सगळं त्यासाठीच.

चित्रपट-अभ्यासक बिल निकोल्स यांनी डॉक्युमेंटरीच्या सहा पद्धती सांगितल्या आहेत. तुमच्या कामाच्या तीन. स्पष्टीकरणाची, म्हणजे बोलणं मुद्दा मांडतं आणि चित्र त्याला आधार देतं. निरीक्षणाची, म्हणजे कॅमेरा बाजूला उभा राहतो आणि त्याच्याशी कोणी बोलत नाही. सहभागाची, म्हणजे तुमचे प्रश्न ऐकू येतात, तुम्ही दिसलात तरी चालतं. १० मिनिटांत एक मुख्य ठेवा. दुसरी मिसळायची असेल तर पहिल्या मिनिटातच तिची चुणूक द्या. सहा मिनिटं सगळं निरीक्षण आणि सातव्या मिनिटाला अचानक पडद्यामागून कोणीतरी प्रश्न विचारतंय, असं झालं की प्रेक्षक दचकतो.

तुमच्याकडचं बघता निरीक्षण मुख्य आणि मालकांचा आवाज जोडीला, हे जमेल. मात्र फिल्मचा प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. "बेकरी" हा विषय झाला. "पहाटे पहिली गाडी निघायच्या आत माल तयार होतो का" हा प्रश्न झाला. आंबायला ठेवलेलं पीठ कोणासाठी थांबत नाही. घड्याळ तुम्हाला आयतं मिळालंय, ते वापरा.

कातरी

मुलाखतीच्या उड्यांबद्दल. तुमचं शूट ४के आणि फायनल १०८०पी, म्हणजे फ्रेम २०० टक्क्यांपर्यंत मोठी केली तरी चित्र फुटणार नाही. कट पडतो तिथे एकदा मूळ मिडियम (साधारण कमरेपासून वर), एकदा १४०–१५० टक्के असं आलटून पालटून करा. ११० टक्के करू नका, तेवढा फरक कट न वाटता धक्का वाटतो. डोळे फ्रेमच्या वरच्या एक तृतीयांश रेषेवर राहतील असं फ्रेम सरकवून घ्या.

पण हा झाला तात्पुरता इलाज. खरं काम कागदावर. ४० मिनिटं टाइमकोडसह (कोणतं वाक्य किती मिनिट-सेकंदाला) शब्दशः उतरवून काढा, प्रिंट घ्या, मार्कर घ्या. वाक्यांचे दोन ढीग पडतील. जे चित्रात दिसू शकतं (आम्ही आधी पीठ भिजवतो, मग...) ते सरळ काढून टाका, ते तुमच्याकडे फुटेजमध्ये आहे. जे फक्त त्यांनाच सांगता येईल ते ठेवा: भीती, हिशेब, कोणता घाणा वाया गेला आणि का. ४० मिनिटांतून ४–५ मिनिटांचं बोलणं उरलं तर उत्तम. त्यातही चेहरा पडद्यावर मिनिट-दीड मिनिटच हवा, बाकी आवाज कामाच्या चित्रांवर.

आवाज आणि चित्र एकाच फ्रेमवर कापू नका. पुढच्या शॉटचा आवाज अर्धा ते एक सेकंद आधी येऊ द्या (जे-कट), किंवा बोलणं पुढच्या चित्रावर थोडं सांडू द्या (एल-कट). मालक "त्या रात्री भट्टी..." म्हणतात आणि भट्टीचं दार आपटल्याचा आवाज त्यांच्या चेहऱ्यावरच ऐकू येतो. एवढ्याने मुलाखत आणि बेकरी एकाच जगातली वाटायला लागतात.

आणि एक सावधगिरी. बोलण्यात जे नाव येतं तेच चित्रात दाखवू नका. "पीठ" म्हटलं की पीठ, "हात" म्हटलं की हात, हे शाळेच्या तक्त्यासारखं दिसतं. चित्राने काहीतरी जास्तीचं सांगावं, नाहीतर चेहऱ्यावरच राहा.

ध्वनिखूण

आवाज वाया गेलेला नाही, एकाच माइककडून सगळं मागितल्यामुळे तसा वाटतोय. तीन थर वेगळे घ्या.

पहिला, बोलणं. मालकांची नवी मुलाखत घेणार असाल तर बेकरीच्या आवाजात घेऊ नका. पिठाची पोती ठेवतात ती खोली मिळाली तर बघा, पोती प्रतिध्वनी छान शोषतात. कॉलर माइक छातीच्या हाडावर, तोंडापासून साधारण एक वीत खाली. ॲप्रनच्या वर लावलात तर प्रत्येक हालचालीला खसखस येईल. ॲप्रनच्या आत, मेडिकल टेपने, आणि वायरीला एक छोटा सैल फास देऊन, म्हणजे ओढ माइकपर्यंत पोहोचत नाही. लेव्हल अशी की नेहमीचं बोलणं –१८ ते –१२ डीबीच्या आसपास आणि मोठं हसणं –६ च्या खाली. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

दुसरा, कामाचे सुटे आवाज. शॉटगन वस्तूच्या हातभर जवळ नेऊन, कॅमेऱ्याची पर्वा न करता, प्रत्येकी ३० ते ६० सेकंद. पिठाचा गोळा ओट्यावर आपटणं, सुरीने तुकडे पाडणं, ट्रे सरकणं, दाराची कडी. पाव भाजला का बघायला तळाला टिचकी मारतात, तो पोकळ आवाज. आणि कडक कवचाचा पाव असेल तर भट्टीतून काढल्यावर पहिली काही मिनिटं कवच तडतडतं. तो आवाज बारीक असतो, मिक्सर बंद असतानाच मिळतो. कारागिरांना आधी विचारून ठेवा की मिक्सर कधी थांबतो.

तिसरा, रूम टोन, म्हणजे जागेचा स्वतःचा आवाज. प्रत्येक जागेचा ६० सेकंद, कोणी न बोलता, आणि यंत्रं त्या सीनमध्ये ज्या स्थितीत होती त्याच स्थितीत. ब्लोअर चालू असलेला एक, बंद असलेला एक. एडिटमध्ये दोन वाक्यांमधली भोकं यानेच बुजतात.

फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद करायचा मोह होईल. मालकांना विचारल्याशिवाय हात लावू नका, आत माल असतो. परवानगी मिळालीच तर स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज परत चालू करायचा राहत नाही.

संगीत आधी पूर्ण काढून कट बघा. ज्या ठिकाणी कट कोसळतो तिथे शॉट कमी आहे, संगीत नाही.

तिसरा कोन

शेवटच्या रात्रीसाठी. पीठ-पाव-भट्टीचा क्लोज-अप एकही घेऊ नका, पुरेसे आहेत. तुम्हाला हवेत चेहरे, अंतर आणि अख्खी कामं.

एक काम निवडा, समजा गोळे वळणं. ते पाच ठिकाणांहून घ्या: हात जवळून, चेहरा जवळून, दोन्ही एकत्र दिसतील असा मिडियम, खांद्यावरून, आणि दारातून सगळी खोली. काम चक्राकार असतं, दर काही सेकंदांनी तीच हालचाल परत होते, त्यामुळे एका कॅमेऱ्यावरही ते बिनतक्रार जुळतं. प्रत्येक शॉट किमान १० सेकंद स्थिर. माणूस फ्रेममध्ये येण्याआधी रेकॉर्डिंग चालू आणि बाहेर गेल्यावर बंद, एडिटरला कापायला जागा मिळते. दोघे समोरासमोर काम करत असतील तर त्यांच्यामधल्या रेषेच्या एकाच बाजूला राहा, नाहीतर कटमध्ये दोघेही एकाच दिशेला बघताना दिसतील.

स्लो मोशन का खटकतं? कारागिराचा वेग हाच तुमचा पुरावा आहे आणि स्लो मोशन तोच खोडून टाकतं, वर मूळ आवाजही जातो. अख्ख्या फिल्ममध्ये एखादा ठेवा, जिथे नुसत्या डोळ्याला न दिसणारं काही दिसतं.

तांत्रिक बाजू थोडक्यात. वीज ५० हर्ट्झ असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/१२०, नाहीतर ट्यूब आणि स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकतं. एक्सपोजर ऑटोवर ठेवू नका. पांढऱ्या पिठाने फ्रेम भरली की कॅमेरा ते राखाडी करून टाकतो, आणि भट्टीचं दार उघडलं की खोली काळी पडते. व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा यासाठीचं रंगाचं सेटिंग) एका आकड्यावर बांधून टाका. वाफ हवी असेल तर प्रकाश तिच्या मागून आणि पार्श्वभूमी गडद, समोरून दिवा मारलात तर वाफ नाहीशी होते.

थंड खोलीतून आणलेली लेन्स भट्टीजवळ लगेच धुकटते. कॅमेरा बंद बॅगेतच २०–३० मिनिटं आत ठेवून मग काढा. पिठाच्या हवेत लेन्स बदलू नका, बाहेर जाऊन बदला. काचेवर पीठ बसलं तर आधी लेन्सच्या हवेच्या फुग्याने (ब्लोअर) उडवा, पुसलंत तर चिकटेल. ट्रायपॉडचे पाय ट्रे नेण्याच्या वाटेत येता कामा नयेत.

अर्धी टाइमलाइन

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. एक उपप्रश्न. आधीचं फुटेज दोन वेगळ्या रात्रींचं आहे, तिसरी रात्र वेगळीच असेल. ते "एक रात्र" म्हणून जोडणं चालेल का? आणि पीठ भट्टीत सरकवण्याचा क्षण हुकला तर परत करायला सांगावं का?

तिसरा कोन

चालतं. वेळ आखडून घेणं हा जुना, मान्य संकेत आहे. परत करायलाही सांगा, सगळे सांगतात.

रीळकाम

इतकं सरसकट नको. तुम्ही पडद्यावर "रात्री २.१०", "पहाटे ४.३०" अशा पाट्या टाकल्यात तर तुम्ही दावा केलात, आणि मग ती एकच रात्र असायला हवी. पाट्या नसतील आणि फिल्म "इथल्या रात्री अशा असतात" एवढंच म्हणत असेल तर तीन रात्री जोडायला हरकत नाही. कपडे आणि भिंतीवरचं घड्याळ तेवढं तपासा, चाणाक्ष प्रेक्षक तिथेच पकडतो.

परत करायला सांगण्याबद्दल माझी रेघ अशी: ते स्वतःहून परत करणार असलेलं काम हवं तितक्यांदा. पुढचा ट्रे दहा मिनिटांनी जाणारच असतो, थांबा. ते न करणारं काम मात्र करायला लावू नका. "जरा वैतागल्यासारखं करा" हे तर अजिबातच नको. जाहिरातीतले नुस्खे, म्हणजे ग्लिसरीनचे थेंब, खोटी वाफ, वरून मारलेली चकाकी, इथे वर्ज्य. पाव करपला तर करपलेला दाखवा, तुमच्या कटमध्ये सध्या त्याचीच उणीव आहे.

तिसरा कोन

पाट्यांचं पटलं. पण रचलेला शॉट म्हणजे खोटेपणा, असं मात्र नाही. माणसाला "दारातून परत या" सांगणं हे फार तर सोय आहे.

कातरी

दोघांच्या मध्ये एक व्यवहाराची गोष्ट. मालकांनी दिलेली परवानगी कामगारांची होत नाही. प्रत्येकाची लेखी संमती वेगळी घ्या, त्यांना वाचता येईल अशा भाषेत, आणि मालक शेजारी नसताना. "नको" म्हणणारा फ्रेमबाहेर, त्याचे हातसुद्धा. फायनलआधी मालकांना कट दाखवायचा असेल तर चुका सुधारण्यासाठी दाखवा, मंजुरीसाठी नाही, आणि हा फरक शूटिंगआधीच बोलून घ्या.

फुटेज १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) असेल तर तासाला ४५ जीबी लागतात. रात्रीच्या चार तासांसाठी १८० जीबी मोकळे ठेवा, आणि दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी होऊन उघडून बघेपर्यंत कार्ड पुसू नका.

अर्धी टाइमलाइन

समजलं. मालकांची दुसरी मुलाखत घ्यायची ठरवतोय. पहिल्या वेळी बरीच उत्तरं "हो", "तसंच असतं" अशी आली.

कातरी

तुमचा प्रश्न फिल्ममध्ये ऐकू येणार नसेल तर आधीच सांगा की उत्तरात प्रश्न मिसळून बोला. "कधी उठता?" ला "एक वाजता" नको, "मी रात्री एक वाजता उठतो" हवं. "कसं वाटतं" विचारू नका, क्रम विचारा: शेवटचा घाणा बिघडला तेव्हा आधी काय दिसलं, मग तुम्ही काय केलंत. उत्तर संपल्यावर तीन-चार सेकंद गप्प बसा, ती जागा भरायला माणूस पुढचं वाक्य बोलतो आणि बहुतेक वेळा तेच कामाचं असतं. तुम्ही लेन्सला अगदी खेटून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. फ्रेमची साइज दोन प्रश्नांच्या मध्ये बदला, उत्तर चालू असताना नाही. पहिल्या मुलाखतीतला शर्ट तोच घालायला सांगायची गरज नाही, उलट वेगळा असला तर दोन वेळा भेटलात हे प्रामाणिकपणे दिसतं.

ध्वनिखूण

आणि ती खोली मिळाली तर मुलाखत संपल्यावर तिथलाही रूम टोन घ्या. मालक खुर्चीतून उठण्याआधी.