स्थानिक आरोग्य धोरणाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : लोकांच्या रोजच्या सवयी सुधाराव्यात यासाठी स्थानिक धोरणाचा मसुदा आमच्या समितीला करायचा आहे. सुरुवात जनजागृतीपासून करावी का?

उत्तर १ : नुसती पत्रके वाटून भागत नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण जिथे पदपथ मध्येच संपतो आणि आजीला नातवाचा हात धरून वाहनांतून वाट काढावी लागते, तिथे हा सल्ला कागदावरच राहतो. आधी रस्ते पायी फिरून पाहा.

उत्तर २ : सहमत. मिठाचेही तसेच. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, हे ठाऊक असले तरी खानावळीतल्या आमटीतले मीठ जेवणाऱ्याच्या हाती नसते. म्हणून स्वयंपाक करणाऱ्यांनाही समितीत घ्यावे.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. बैठकीआधी पदपथांची पाहणी करतो.